सासूबाईंचा माग

आई,

तुझ्या हस्केचा दुरून नमस्कार. पत्र यानबाताईकडून वाचून घे.

मी मजेत आहे. खाण्यापिण्याची ददात नाही. गुडघा थंडीत जरा कुरकुरतो, एवढंच. बाबांचा खोकला कसा आहे?

तू विचारलंस, सात वर्षं झाली, सासूबाई तुला आपलं मानतात का? काय सांगू! सासू-जावयानं समोरासमोर यायचं नाही या आपल्या रीतीप्रमाणे आम्ही एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. त्यांची चाहूल लागली की मी मेंढ्यांमागे पळतो.

मागच्या महिन्यात वाऱ्यानं त्यांचा माग मोडला. नवा मी उभा केला. दोन खांब रोवले आणि वरची आडवी दांडी माझा हात वर पोचेल तिथे दोरानं घट्ट बांधली. तुझी सून देसबा हसत आली, "आई विचारते, ब्लँकेट विणायचंय की टेलिफोनची तार ओढायचीय?"

त्या दिवसभर विणायच्या. संध्याकाळी त्या घरात गेल्या की मी बघायला जायचो. कागदावर एक रेघ काढलेली नाही, तरी दोन्ही बाजूंची नक्षी धाग्याला धागा जुळलेली! मी टोपी काढून नुसता उभा राहायचो.

काल देसबानं ते ब्लँकेट माझ्या खांद्यावर टाकलं. ते बरोबर गुडघ्यांखाली चार बोटं उतरलं.

"माप तू दिलंस?"

"मी कशाला देऊ? तुझ्या वरच्या गाठींवरून आईला उंची कळली. आणि खांबांभोवतीच्या पावलांच्या ठशांवरून डाव्या गुडघ्याचं दुखणं."

आई, गुडघ्याचं मी तुझ्याशिवाय कुणाशीच बोललो नव्हतो गं.

तुझा,
हस्के