मामाच्या आरशातला डाग

४ फेब्रुवारी, रविवार

काय घडलं ते क्रमाने:

१. दोन वर्षांपूर्वी मामाने स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून एका अंधुक दीर्घिकेचे एकवीस तासांचे फोटो काढले. ते एकावर एक रचून साफ करायचं काम माझं.

२. दीर्घिकेच्या डावीकडे पुसट पट्टा दिसत होता. मी कळवलं, आरशात दोष आहे.

३. पार्श्वभूमीचा उजेड वजा करताना मी तो पट्टाही वजा केला.

४. मामाने आरसा उतरवला. सहा महिने पुन्हा घासला.

५. नवे फोटो आले. मी जुनीच सेटिंग चालवली. त्याने विचारलं, "गेला का गं डाग?" मी म्हटलं, "गेला."

६. आता त्याला तो फोटो वर्कशॉपच्या भिंतीवर लावायचाय. मोठा करताना डावीकडे आकाशापेक्षाही काळा खड्डा दिसला. म्हणून नव्या आरशाचे मूळ फोटो काहीही वजा न करता रचले. डाग जागच्या जागी आहे!

कामावर मी रोज दुसऱ्यांच्या मोजमापातल्या चुका काढते.

५ फेब्रुवारी

आकाश अर्धं सरकलं की दुर्बीण पलटते आणि चित्र उलटं येतं. कॅमेऱ्यातली धूळ असती तर डाग जागेवर राहिला असता. तो दीर्घिकेबरोबर उलटलाय. चार वेळा तपासलं. बहुधा हा डाग नाहीच — दीर्घिकेची शेपटी आहे, ताऱ्यांची.

कॉलेजात खगोलशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना फोटो पाठवले.

६ फेब्रुवारी

मामीचा फोन. "डाग गेला म्हणालीस तेव्हापासून स्वारी हवेत आहे. येईल त्याला आरसा दाखवतात. परवा गॅसवाला आला, त्यालाही! तो बिचारा म्हणतो, काका, सिलिंडर कुठे ठेवू?"

मागून मामा ओरडला — "भिंत मोजायला मोजपट्टी कुठे आहे? आणि तिला विचार, फोटो झाला का!"

"प्रिंटरची शाई संपलीय," मी म्हटलं.

शाई भरपूर आहे.

८ फेब्रुवारी

मामाला फोन केला नाही.

९ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, "अशी शेपटी कुणी नोंदवलेली मला सापडली नाही. पण शेजारी केवढा तेजस्वी तारा आहे बघ. त्याचा उजेड आरशावरून विखुरला तरी असंच दिसेल, आणि असंच उलटेल. एकच आरसा असेल तर शोधाच्या कागदावर मी सही करणार नाही. दुसरा आरसा आण."

आणते कुठून? मामाच्या हातचा सोडून मला कुठला आरसा माहीत आहे?

नाहीतर सोडून द्यावं. फोटो आहे तसा छापावा, खड्डा रंगवून बुजवता येतो. दहा मिनिटांचं काम. मामा खूश, मामी खूश. कुणाला कळणार?

मला.

१० फेब्रुवारी

भांडी घासताना लक्षात आलं. दुसरा आरसा आहे!

सहा महिने घासल्यावर तो आरसा पहिला राहिलाच नाही. पृष्ठभाग नवा, मुलामा नवा. विखुरलेला उजेड असता तर बदलला असता. संध्याकाळी आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले. शेपटी तीच, तिथेच, तेवढीच.

मॅडमना तारखा लागतील. त्या मामाच्या वहीत आहेत. मागायच्या तर कशाला ते सांगावं लागेल.

संदेश तीनदा लिहिला. पहिल्या दोन्हीत "सॉफ्टवेअरमुळे" हा शब्द होता. खोडला.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मामाला पाठवलं, ते असं:

"मामा, डाग गेला नव्हता. मी पुसत होते. दोन्ही वेळा. तुझा आरसा पहिल्यापासून चांगला होता, सहा महिने माझ्यामुळे गेले. तो डाग दीर्घिकेची शेपटी आहे, आणि ती तुला सापडलीय. दोनदा घासलास हाच तिचा पुरावा. आरसा कधी उतरवलास, कधी चढवलास त्या तारखा, आणि शोधाच्या कागदावर तुझं पूर्ण नाव कसं लिहायचं, हे गुरुवारपर्यंत कळव."