येशूबापाचं पान

टोला, १२ नोव्हेंबर

चि. रुखमास बिरजूदादाचा आशीर्वाद व जय सेवा.

वि. वि. इथी टॉवर बंदच आहे, म्हणून एस्टीवरच्या पोचू कंडक्टरच्या हाती चिठ्ठी देऊन राह्यलो. तुही मोनाली मजेत आहे, माह्यापेक्षा जास्त भात खाते. राजुऱ्याच्या मेसमधी तू कामाले राह्यते, तिथी तुले पोर ठेवू देत नाईत, तर मामाचं घर काय परकं आहे? पण तिनं एक खूळ काढलं. जेवताना आपल्या पानाशेजारी पळसाचं दुसरं पान मांडते, त्यावर भात-मीठ वाढते, अन् मले म्हन्ते, येशूबाप जेवाले आला, थोडा सरक. मी सरकतो बी! हसून हसून पोट दुखलं.

पण आपल्यात असं पान कोणासाठी मांडतात, तुले मालूम आहे. घरच्या मेलेल्यांसाठी. पुजारी म्हन्ते, बिरजूनं परक्या कुळाचा मेलेला घरात जेवाले बसवला. गाव आमचं पाणी तोडन. पोरीले समजाव. बाकी माया आहेच.

तुहा दादा,
बिरजू

राजुरा, १९ नोव्हेंबर

ती. बिरजूदादास रुखमाचा शि. सा. नमस्कार व प्रभूत सलाम.

वाचून हसली, मग रडली. दादा, तो मेलेला नाई. इथल्या पास्टरबाई सांगतात, देवासंगं लेकरावानी बोला. मले डोळे मिटून घंटाभर बसून जमत नाई, ते त्या पोरीले भात वाढता वाढता जमते. आता तिले थांबवू तरी कशी? तरी सांग तिले, आई म्हन्ते, सध्या पान मांडू नको. नाताळच्या सुट्टीत येऊन मी तिले घेऊन जाते, कुठी बी खोली करीन. तोवर मारू नको. तिच्या छातीत थंडी लवकर भरते, गोधडी देजो. वहिनीले नमस्कार. आमच्यावरची माया पातळ करू नको.

तुही,
रुखमा

टोला, ३ डिसेंबर

चि. रुखमास आशीर्वाद.

तुही पोरगी लय हट्टी आहे. पान बंद केलं, तर आपल्याच पानात अर्धी जागा सोडाले लागली. वरून नव्या भाताची पूजा व्हायच्या आधीच तिनं नवा भात शिजवून त्याले वाढला! आपल्यात पूजेआधी कोणी नवा दाणा तोंडाले लावत नाई. गावाची पंचायत बसली. सगळ्यांसमोर मी त्या पानाले लाथ मारली अन् पोरीले शेळ्यांच्या कोठ्यात टाकलं. जेवण तिथीच, झोपणं तिथीच.

वाटलं, रडन. कायची रडते! म्हन्ते, येशूबाप बी गोठ्यातच जन्मला, त्याले इथला वास वळखीचा आहे. खोकून राह्यली होती. तुही वहिनी गोधडी घेऊन निघाली, मी तिच्या हातातून ओढली. म्हटलं, आपल्या बापाकडं माग. राग मानू नको, गावात राहाचं आहे मले.

बिरजू

टोला, २८ डिसेंबर

रुखमा,

कोणत्या तोंडानं लिहू? माही मागची चिठ्ठी तुह्या हाती पडाच्या आधीच तिचं दुखणं वाढलं; गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं तोवर तिच्या छातीत काही उरलं नव्हतं. गावानं मातीले जागा दिली नाई. तू तिले राजुऱ्याले नेलं, माह्याकडं एकदा पाह्यलं बी नाई. बरोबर केलं.

काल तुह्या वहिनीनं कोपऱ्यात मोनालीसाठी पान मांडलं. पुजारी नाई म्हणाला, ती आपल्या देवाची राह्यली नव्हती म्हणे. मी आता कोणाचंच ऐकत नाई, रोज मांडीन. पण तुमच्यात कसं मांडतात, तेवढं सांग. भात आधी का मीठ? कोणत्या कोपऱ्यात? चुकलं तर तिच्यापर्यंत पोचणार नाई.

अभागी,
बिरजू

राजुरा, ६ जानेवारी

बिरजूदादास,

आमच्यात मेलेल्याले पान मांडत नाईत. मोनाली जिवंताले मांडत होती. त्याले तू लाथ मारली.

पास्टरबाई म्हणाल्या, भावाले माफ कर, लेकरावानी माग, देव देईन. मी बसली. अन् न मागताच उठली. मोनाली असती तर एवढ्यात थोडी सरकली असती अन् तुले आपल्या पानाशेजारी जेवाले बसवलं असतं.

मी मोनाली नाई. पोचूजवळ आता चिठ्ठी देऊ नको.

मोनालीची आई