कडी एकदाच

३ तारीख, सोमवार
आजपासून रोजनिशी. शिस्त म्हणजे शिस्त.
निमित्त: डॉक्टरबाईंनी लेकीच्या झोपेचा तक्ता दिलाय. चौदा दिवस भरायचा. किती वाजता आडवी, किती वाजता झोप, किती वेळा जाग. लेक नऊ वर्षांची, ऑटिझम आहे, आणि रात्री बारापर्यंत टक्क जागी. बाई म्हणाल्या की अशा मुलांत हे फार आढळतं, दिवे लवकर मंद करा, झोपायची वेळ ठरलेली ठेवा, एका वेळी एकच बदल करा आणि तो टिकवा. औषधाचं नंतर बघू.
मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, कोणाला सांगताय? पंधरा वर्षं गाद्या विकतोय. माझ्या बिल्ल्यावर 'स्लीप एक्स्पर्ट' छापलंय. झोप म्हणजे माझ्या हातचा मळ.
खरी काळजी घंटेची. शाळेची पावणेआठची पहिली घंटा लेक वाजवते. तिचं घड्याळाचं वेड बघून मुख्याध्यापिकांनी दिलेलं काम. सेकंदाचा फरक नाही. पण गेल्या महिन्यात जाग आली नाही म्हणून तीनदा उशीर. आणखी एकदा झाला तर घंटा दुसऱ्याकडे, अशी चिठ्ठी आलीय. लेक त्या दिवशी जेवली नाही. मलाही घास उतरला नाही. घंटा जाऊ देणार नाही.

४ तारीख, मंगळवार
चित्रांची कार्डं केली: आंघोळ, दात, गोष्ट, झोप. लेक खूश. ठीक नऊला बिछान्यात.
मग दर पंधरा मिनिटांनी टॉर्च घेऊन पाहणी केली. तक्त्यात वेळ अचूक नको? सव्वाअकरापर्यंत प्रत्येक फेरीत डोळे उघडे. दोष गादीचा.

५ तारीख, बुधवार
दुकानातून मेमरी फोमचा डेमो पीस आणला. मालकांना सांगितलं नाही. सांगेन. उशीही बदलली, पण उशी गादीतच धरतात.
लेक फरशीवर झोपली. म्हणाली की गादी तिला गिळते. असं कुठल्याही ग्राहकाने आजवर म्हटलेलं नाही.

६ तारीख, गुरुवार, रात्री १:४०
मी जागा आहे, पण त्याचा इथे संबंध नाही. मला पाच तास पुरतात. सायकलचं चाक उघडलं, मग गिटारची तार बदलायला घेतली, मग आठवलं, दाराची कडी लावली का? बघितली. लावलेली होती.
१:५५. पुन्हा बघितली. लावलेलीच.

७ तारीख, शुक्रवार
तक्ता सापडत नाही. चष्माही. चष्मा फ्रिजमध्ये निघाला, अंड्यांच्या खणात. तक्ता तिथे नाही. बिघडलं काही नाही, सगळं या वहीत आहेच.
बायको म्हणाली की एक तक्ता मलाही लावावा लागेल. हसलो. हिला विनोद छान जमतात.

९ तारीख, रविवार
धबधब्याचा आवाज काढणारं मशीन आणलं. वीस मिनिटांत लेकीने सांगितलं की दर सदतीस सेकंदांनी तोच थेंब पुन्हा पडतो. त्या थेंबाची वाट बघत बसली. मशीन माळ्यावर. त्याच्यासोबत आणलेला झोपेचा जांभळा दिवाही माळ्यावर.
बायकोचं म्हणणं, आठवड्यात पाच बदल झाले. मी समजावलं की हा एकच बदल आहे, त्याचे भाग पाच. त्यावर तिने पाचही बोटं वर केली. बोटं मोजण्यात तिचा हातखंडा आहे.

११ तारीख, मंगळवार
थोडक्यात वाचलो. लेक उठेना. उठली तर स्कूटरची किल्ली गायब, कोणीतरी हलवलेली. (बुटात होती. माझ्या.) ७:४३ ला फाटक. लेक एका पायात मोजा नसताना धावली आणि ठीक पावणेआठला घंटा झाली. बाहेर उभा होतो, ऐकून रडू आलं. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.

१३ तारीख, गुरुवार
लेकीला विचारलं की अंथरुणात पडून काय करतेस. म्हणाली, मोजते. पाढे असणार. डोकं माझ्यावर गेलंय.

१६ तारीख, रविवार, रात्री ११:५०
उद्या डॉक्टर. चौदा दिवसांचा तक्ता आता आठवून नवा करतो. स्मरणशक्ती तल्लख आहे. आधी पट्टी शोधू.
२:२०. पट्टी शोधताना लग्नाचे फोटो सापडले. तारखेनुसार लावून टाकले. तक्ता सकाळी.

१७ तारीख, सोमवार
सकाळी तक्ता झाला नाही.
बाईंनी तो मागितला. मी परिस्थिती समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात लेकीने दप्तरातून एक वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. ही वही. बाईंनी पहिल्यापासून वाचली. बायको खिडकीबाहेर बघत होती, खांदे हलत होते.
लेकीने समासात पेन्सिलीने दुरुस्त्या केल्यात, हे मलाही तेव्हाच कळलं. '१:४० चूक. १:५२.' '१:५५ चूक. २:०६.'
बाईंनी विचारलं की तुला कसं कळलं. लेक म्हणाली की बाबा कडी बघतात तेव्हा खट् होतं. कधी तीन वेळा, कधी सात वेळा. शेवटचं खट् कोणतं ते बाबा सांगत नाहीत. म्हणून जागं राहावं लागतं.
मला माझ्या चपलांकडे बघावंसं वाटलं. माझी पोर पाढे म्हणत नव्हती. मला मोजत होती.
बाई म्हणाल्या की सगळाच दोष कडीचा नसेल, पण आता बदल एकच. टॉर्च बंद. कडी साडेआठला, एकदाच, लेकीसमोर, आणि मोठ्याने सांगायचं की झाली. मग मला म्हणाल्या की या वहीत लेकीच्या झोपेपेक्षा माझं जागरणच जास्त आहे. लहानपणी एका जागी बसायचात का, असंही विचारलं. बायकोने माझ्या आधी उत्तर दिलं. बाई म्हणाल्या की लक्ष न टिकण्याचा त्रास मोठ्यांनाही असतो, झोपेचाही विचका होतो, एकदा तपासून घ्या. मी ठामपणे सांगितलं की मला काही झालेलं नाही, आणि निघालो.
किल्ल्या त्यांच्या टेबलावरच राहिल्या होत्या. घ्यायला परत गेलो, तर त्यांच्याबरोबर एक नवा तक्ता मिळाला. मोठ्यांचा.

१८ तारीख, मंगळवार
८:३०. कडी लावली. झाली, म्हणालो. लेकीने मान हलवली.
१०:१५. दाराकडे जावंसं वाटतंय. हातांवर बसून आहे. एका हातावर. दुसऱ्याने लिहितोय.

२४ तारीख, सोमवार
लेक सहा रात्री दहाच्या आत झोपली, एक रात्र साडेअकरा. बाई म्हणाल्या की हे चांगलंच आहे, रोज जमेलच असं नाही. घंटा रोज पावणेआठला. घंटा आमचीच.
दवाखान्यात नर्सने पेशंटला आत बोलावलं. मी लेकीला म्हटलं, चल. नर्स म्हणाली की ती नाही, तुम्ही.
माझा तक्ता लेक भरते. नवीन कार्ड केलंय: एक माणूस, एक दार, त्यावर मोठी लाल फुली. माणसाच्या छातीवर माझा बिल्ला. सध्या घरात गाद्यांबद्दल कोणी मला विचारत नाही.
रात्री ९:००. वही मिटतो.

*९:०० चूक. ९:११. आता मिटली.*