तेवीस नंबरची हजेरी

४ ऑगस्ट
आजही पल्लवी. १०वी ब, तिसरा तास. कवितेत हसण्यासारखं काही नव्हतं, तरी ही खुदुखुदु हसते. दोनदा सांगितलं. ‘काय झालं?’ विचारलं तर एकच शब्द पुन्हा पुन्हा. वर्ग फिदीफिदी. शेवटी व्हरांड्यात उभं केलं, भिंतीकडे तोंड करून. घंटा झाली तरी ती तशीच उभी. मला वाटलं, मोबाइलची जागरणं. या वर्षी यांच्यापुढे घसा फोडायची ताकदच नाही माझ्यात.

७ ऑगस्ट
प्रार्थनेत पल्लवी कोसळली. हातपाय झटकत होती, तोंडाला फेस. रिक्षाने दवाखान्यात, तिथून पालघर, संध्याकाळी मुंबईला. तिची आई हिराबाई बोईसरच्या बाजारात मासळी विकते. पाटी तिथेच टाकून आली. रिक्षात म्हणाली, “बाय, चार दिस जाले, पोर इचारते, ह्ये घर कोनाचं हाय? मी म्हटलं, शाळेत जायचं नाय म्हून सोंग करते.”
मीही तेच समजले होते. 

१९ ऑगस्ट
तिचा मामा शाळेत आला होता. मेंदूला सूज. शरीराचीच रोगाशी लढणारी ताकद मेंदूवर उलटलीय म्हणे. आपलेच दात, आपलेच ओठ. लाखात एखाद्याला होतं. आयसीयूत आहे, महिने लागतील. बरी होते का, विचारलं. “व्हतात काई काई,” म्हणाला.
चार तारखेच्या त्या सोमवारी ती आजारीच होती. मी तिला शिक्षा केली. हे लिहून ठेवते, कारण आणखी कोणाला सांगायची हिंमत नाही.

१ सप्टेंबर
ऑगस्टचा हजेरीपट भरायचा राहिला होता. तिच्या रकान्यात नुसत्या गैरहजेरीच्या टिंबांची रांग. आमचे कारकून सावंत म्हणाले, “बाई, हजेरी कमी पडली की बोर्डाकडे प्रकरण जातं. कागद पळवत बसाल. पोरगी आधीच अर्धमेली. भरून टाका.”
वर्गात हजेरी घेतली. बावीस झाला, तेवीसला थांबले. नेहा यादव उठली. तिचे वडील एमआयडीसीत कामाला, घरात हिंदी, पण ‘हजर’ मात्र अगदी ठसक्यात म्हणाली. पल्लवीच्या वतीने. मग सगळा वर्ग, “हजर.” माझे डोळे भरले. पेनने ‘हजर’ लिहिलं. मागची टिंबंही भरली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

१६ सप्टेंबर
रोज नवीन मुलगी तेवीसला ओ देते, मी ‘हजर’ लिहिते. पाळ्या लावल्यात. वह्याही वाटून घेतल्यात, नेहाकडे विज्ञान. एरवी स्वतःची वही पूर्ण नसते यांची. मुख्याध्यापकांना माहीत आहे, ते खिडकीबाहेर बघतात. आपण काही चांगलं करतोय असं वाटायला लागलंय. दमले असले तरी.

४ ऑक्टोबर
पल्लवी घरी आली. नेहाला घेऊन तारापूरला गेले. केस कापलेत, चेहरा सुजलेला, गोळ्यांमुळे. हिराबाई म्हणाली, “बग, तुज्या बाय आल्या.” पल्लवीने माझ्याकडे पाहिलं, उठली, आणि दाराबाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.
आईला काही कळलं नाही. मला कळलं. दोन महिन्यांतलं काही आठवत नाही, डॉक्टर म्हणालेत. त्याआधीचं आठवतं. तिला धरून आत आणलं. 

१० नोव्हेंबर
दिवाळीनंतर अर्धा दिवस शाळेत येते. कुठला तास, कुठलं पुस्तक, हे मुली चिठ्ठीवर लिहून बाकावर चिकटवतात. नेहा मुतारीपर्यंत सोबत. हात थरथरतो, दोन ओळींत दमते. डॉक्टरांनी लिहून दिलंय: परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ. त्याशिवाय ती पेपर देऊच शकत नाही. अर्ज पालघरला शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला.

१९ नोव्हेंबर
अर्ज परत. शेरा असा की दाखल्याप्रमाणे मुलगी ऑगस्ट-सप्टेंबरात रुग्णालयात, हजेरीपटाप्रमाणे रोज वर्गात. दोन्हीतलं खरं काय, ते कळवा.
त्यांचं काय चुकलं? करायला गेले एक, झालं भलतंच. आमच्या मायेनेच पोरीचं आजारपण खोटं पाडलं.
सावंतांनी कानावर हात ठेवले.

२१ नोव्हेंबर
मु.अ. म्हणाले, डॉक्टरांकडून तारखा बदलून नवा दाखला आणा, दिवाळीच्या सुट्टीतला. सोपं. हिराबाईला बोलावलं. ती पदराशी चाळा करत बसली. “डाक्टरला खोटं लिवायला सांगू? त्यानं माजी पोर परत दिली. तुमी म्हनाल तर जाते, बाय. पन तुमीच सांगा.”
मी नाही म्हटलं.

२४ नोव्हेंबर
पत्र लिहिलं. ‘सदर विद्यार्थिनी गैरहजर असताना मी हजेरी लावली.’ चार वेळा लिहून फाडलं. निवृत्तीला सहा वर्षं. मु.अ. म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला? घरी हे म्हणाले, झोपून विचार कर. झोप कुठली?
नेहा रडली. “मॅडम, हजर हमने बोला था. तुमचं एकटीचं नाव का?”
पेन माझं होतं, म्हणून.

२७ नोव्हेंबर
पालघरला पत्र देऊन आले. साहेबांनी दोनदा वाचलं. “मुलीचा अर्ज आणि तुमचं प्रकरण, दोन्ही वर जाईल. आधी कुठलं सुटेल, सांगता येत नाही.” पाणी दिलं. वाईट माणूस नाही.

२८ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत पल्लवी शिक्षकखोलीच्या दारात. मुली कुजबुजताना तिने ऐकलं होतं. म्हणाली, “बाई, मी ऑगस्टात शाळेत नव्हते?”
मी विचारलं, तुला काय वाटत होतं?
“मला काय आठवत नाय. पन वह्या भरलेल्या हायत. हजेरीत नाव हाय. सगळ्या म्हनाल्या, तू रोज होतीस. मला वाटलं, असेन.”
हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिच्याजवळ ते दोन महिने नव्हतेच, आम्ही खोटे आणून दिले.
शेजारी बसवलं. सांगितलं सगळं. पडलीस, रिक्षा, मुंबई, आईला ओळखत नव्हतीस. व्हरांड्याचंही सांगितलं, माफी मागितली. तिने वही उघडली. बराच वेळ लागला, मी हात लावला नाही. ‘ऑगस्ट, सप्टेंबर. मी आजारी होते. आई जवळ होती.’
मग म्हणाली, “हे खरं लिहिलं तर परीक्षेला बसू देतील ना?”
माहीत नाही, म्हटलं.