एका घरात एकच नंबर

रविवार, १ डिसेंबर. सकाळी ९
आजपासून जुन्या लॅपटॉपवर रोजनिशी. पूर्ण खासगी.

पल्लवीने नवा लॅपटॉप घेतला. पुढच्या रविवारी विश्रामबागला कॉलेजात तिचा जात्यावरच्या ओव्यांवर कार्यक्रम आहे. ओव्या तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या सासूबाई धोंडुबाईंच्या. त्या जाऊन दोन वर्षे झाली. त्यांच्या आवाजाच्या त्रेचाळीस फाईली या जुन्या लॅपटॉपात आहेत, दुसरीकडे कुठेही नाहीत. पेन ड्राइव्ह चालत नाही, कारण यूएसबीची भोके मागच्या दिवाळीत मी टाचणीने साफ केली तेव्हापासून बंद आहेत. जुन्या वस्तूंचे असेच.

दोन लॅपटॉप जोडले की झाले. बत्तीस वर्षे टेलिफोन खात्यात काढली, कराड-इस्लामपूरला घराघरात लाईन दिली. पल्लवीला म्हटले, चहा होईपर्यंत करतो.

दुपारी २
चहा झाला. जेवणही झाले. चाचणी म्हणून डेस्कटॉपवरचे एक फोल्डर शेअर केले. कुणाशी, असे विचारले तेव्हा 'एव्हरीवन' निवडले. घरात माणसे दोनच. तिकडे काही दिसले नाही. वाय-फाय मुळात हवेतले काम. उद्यापासून तार.

पल्लवी मधे हात घालते म्हणून या लॅपटॉपला पासवर्ड टाकला. विसरू नये म्हणून लिहून ठेवतो: इंग्रजीत बिरोबा, पुढे १९६४.

वांग्यात मीठ कमी होते. बोललो नाही. संसार असाच टिकतो.

सोमवार, २
माळ्यावरून टेलिफोनची वायर काढली. जॅक जरा सैल बसतो, कागदाची घडी घालून घट्ट केला. जोडणी पक्की. फाईली येत नाहीत. दोष लॅपटॉपचा.

आज आमटीत मीठ दुप्पट. बोललो नाही.

मंगळवार, ३
प्रांजलचा पुण्याहून फोन. म्हणाली, पप्पा, ती वायर चालत नाही, आठ तारांची लागते. त्यापेक्षा इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर अपलोड करा आणि इकडे उतरवून घ्या. म्हणजे या खोलीतली वस्तू त्या खोलीत न्यायला आधी अमेरिकेला पाठवायची! सासूबाई जतहून सांगलीला यायच्या त्यासुद्धा कुरकुरत. मुलीला नकार दिला.

आठ तारांचे मला माहीत होतेच.

बुधवार, ४
आठ तारांची वायर आणली. आता प्रत्येक लॅपटॉपला आयपी नंबर द्यायचा. दोघांना एकच दिला. एक फोन हॉलमध्ये, एक आत, नंबर एकच. एवढे तर लहान पोरालाही कळते. लॅपटॉप म्हणतो, नंबरांची टक्कर होतेय. एका घरात कसली टक्कर? तीन वेळा तोच नंबर ठासून टाकला. शेवटी फिरायला निघून गेलो.

परत आलो तर पल्लवी नव्या लॅपटॉपसमोर एकटीच हसत होती. विचारले तर म्हणाली, "काय न्हाई, वाचतीया." वाचनाची सवय चांगली.

गुरुवार, ५
वायर ओढताना चार्जर निसटला, लॅपटॉप बंद. दोन तास सुरूच होईना. सासूबाईंचा आवाज माझ्या हातून गेला असता तर पल्लवीला तोंड कसे दाखवले असते? ती मात्र निवांत मेथी निवडत होती. किती हा विश्वास!

संध्याकाळी सुरू झाला. रविवारी तिने निळी साडी नेसावी असे वाटते. तिला छान दिसते. सांगितले तर डोक्यावर बसेल.

शनिवार, ७. दुपारी ४
एकही फाईल गेली नाही. वायरचा माल हलका आहे. पण उद्या सकाळी पल्लवीची माफी मागायची, हे नक्की. वायरचे कारण न सांगता.

रविवार, ८. संध्याकाळी ७
सकाळी घसा खाकरला, तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "आवं, माफी ऱ्हाऊ द्या. बुधवारी तुमी फिरायला गेलासा, तवाच समद्या फाईली ड्राइव्हवरनं घेतल्या मी." पासवर्ड कसा कळला, विचारले. म्हणाली, "तुमीच लिवलाय की." शेअरिंग पहिल्याच दिवशी झाले होते. शेअर झालेले फोल्डर एवढेच, हे रोजनिशीचे. मग आठवडाभर मला का नाचवले, तर म्हणाली, "वाचाय लय ग्वाड लागत हुतं." वर निळ्या साडीला इस्त्री करायला मलाच बसवले.

शेअरिंग बंद कसे करतात ते तिला विचारायचे आहे.

कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसलो. पल्लवीने पहिली ओवी लावली. सासूबाईंचा आवाज हॉलभर घुमला. माझे डोळे भरले. रेकॉर्डिंग मीच केले होते, हे शेजारच्यांना सांगून ठेवले होते.

दुसऱ्या ओळीला माझा आवाज आला. माईक तोंडापासून किती बोटे लांब धरावा, त्याला खात्यात काय म्हणतात, मी इस्लामपूरला कसा धरायचो. सव्वा मिनिट. त्यानंतर सासूबाई, अगदी स्पष्ट: "जावायबापू, वाईच गप ऱ्हावा की."

अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.