दाराबाहेर एकच जोडी

नंदनवन, नागपूर
१२ ऑगस्ट १९८८

शोभाताईले कवडूचा पाया पडून नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीत पंखा आहे, खानावळ जवळच आहे. मायचा गुडघा कसा आहे? पारशिवनीत पाऊस आहे का?

कॉम्प्युटरवर सिस्टिम कशी चढवायची, हे नव्या माणसासाठी मी पुस्तिकेत लिहिलं आणि ती तुले पाठवली होती. ऑफिसात सगळ्यांनी ‘छान’ म्हटलं आणि कपाटात ठेवली. पुरती वाचली तू एकटीनं, जिनं कॉम्प्युटर कधी पाहिलाच नाही!

समासात तू काढलेल्या चुका खऱ्या आहेत. पान चारवर मी ‘थांबा’ लिहिलं, पण किती वेळ थांबायचं ते नाही. आता ‘वीस मिनिटं’ टाकलं.

पण शेवटी तू लिहिलंस, ‘पहिल्यांदा करणारा माणूस भेते. बाजूले कोणाले तरी बसवा, हे काहून नाही लिहिलं गा?’

आधी हसलो, मग बराच वेळ तेच वाक्य वाचत राहिलो. इथं मशीन काचेच्या थंड खोलीत असते. आत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढाव्या लागतात. सहा महिने झाले, दाराबाहेर माझीच एक जोडी असते. तू काळजी नको करू, आता सवय झाली.

तुझं वाक्य पहिली सूचना म्हणून घातलं. साहेबांनी विचारलं, “पहिल्यांदा तुम्ही केलं तेव्हा बाजूला कोण बसलं होतं?”

कोणीच नव्हतं, तरी मी तुझं नाव सांगितलं.

तुझा,
कवडू