लाडवांच्या डब्याचं झाकण

गुरुवार, संध्याकाळ

सिव्हिल लाइन्सच्या समुपदेशक बाईंनी आज सांगूनच टाकलं, काही महिने उपास बंद. दिवसभर उपाशी राहता, मग चंद्रोदयानंतर हात थांबत नाही. हा आजार आहे, हावरटपणा नव्हे. वेळेवर जेवा, बसून, ताटलीत. मला रडू आलं आणि त्याच वेळी त्यांच्या टेबलावरची बिस्किटंही दिसली. कमाल आहे माझी!

पण उद्या संकष्टी. सासूबाईंना कसं सांगणार? त्यांच्या लेखी मी कडक उपासवाली सून. ओट्याशी उभी राहून लाडवांच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडणारी बाई त्यांना कुठे माहीत? त्या झाकणात तर माझा हातखंडा.

चहाच्या वेळी, त्या मटार सोलत असताना, उपास बंद करायला सांगितल्याचं बोलूनच टाकलं. त्या म्हणाल्या,

"अच्छा. मग काहून करते उपास? गणपती काय हजेरी घेऊन राहिला?"

"आई, मी एकदम दहा-बारा लाडू खाते. चोरून."

"माहीत आहे."

"झाकणाचा आवाज यायचा?"

"पहिले यायचा. तू दचकून घास तसाच गिळायची. मग मीच झाकण सैल लावायला लागली."

म्हणजे हातखंडा माझा नव्हताच!

त्यांनी दोन ताटल्यांत एकेक लाडू वाढला. बसून खाल्ला. दुसरा हवा होता, इथे खोटं कशाला लिहू?

"आता मन झालं तर मला हाक मार," म्हणाल्या, आणि झाकण घट्ट लावलं. केवढ्यानं वाजलं!